सासऱ्यांचा पासवर्ड

आमच्या घरात कुलूप नसलेली एकच गोष्ट आहे, ती म्हणजे माझं तोंड. हे माझं मत नाही, सासऱ्यांचं आहे. बाकी सगळ्याला त्यांनी कुलूप घातलेलं. भाताच्या कोठीला कुलूप, शेतावरच्या मोटारीच्या पेटीला कुलूप. सायकल चालवायची सोडून किती वर्षं झाली, तरी पडवीतल्या सायकलीला साखळी आणि साखळीला कुलूप. खोपोलीकडे एका कागदाच्या कारखान्यात ते जन्मभर टाइमकीपर होते. कोण किती वाजता आत आला आणि कोण किती वाजता सटकला, हे त्यांच्याशिवाय दुसऱ्याला कळता कामा नये. माणूस रिटायर होतो हो, सवय कुठे रिटायर होते?

कारखाना सुटला तसा त्यांनी घरी कॉम्प्युटर आणला. कर्जतहून कशेळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव. शेजारपाजारचे लोक चहा प्यायच्या निमित्ताने मशीन बघून गेले. सासऱ्यांनी त्या मशिनीला दोन दारं केली. एक आम्हा सगळ्यांसाठी, त्याचं नाव ‘घरचे’, त्याला साधा आकडा. तिथून सातबारा काढायचा, लाइटबिल भरायचं, माझ्या पोरीने कॉलेजचे फॉर्म भरायचे. दुसरं दार त्यांचं एकट्याचं. त्यावर इंग्रजीत ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ लिहिलेलं.

“ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे काय ओ, आबा?” मी एकदा विचारलं.

“म्हंजे मी,” ते म्हणाले.

रोज सकाळी चहा झाला की ते त्या दाराने आत जायचे. पासवर्ड टाकताना कीबोर्डवर टॉवेल पांघरायचे, एक बोट टॉवेलखाली घालायचं आणि वाकून आत बघत एकेक अक्षर शोधायचं. तेवढ्या वेळात माझी एक भाकरी भाजून व्हायची. मान बाहेर काढली की चेहऱ्यावर हसू. मी सासूबाईंना म्हणायचे, “आई, बघा बघा, आबा मशिनीत जाऊन हसतात.” त्या म्हणायच्या, “हसू दे गं. घरात तं हसत नाय.”

आता सासूबाई कोण, ते सांगायला हवं. त्या आमच्या भागातल्या धवलारीण. लग्नात धवळे गाणारी बाई ती धवलारीण. हळद दळण्यापासून मुलगी बोळवण्यापर्यंत ज्या त्या विधीचं गाणं असतं, आणि ते सगळं तिच्या डोक्यात हवं. आमच्याकडे भटजी उशिरा आला तर लोक थांबतात, धवलारीण उशिरा आली तर लोक घाबरतात. नेरळपासून पार मुरबाडच्या वेशीपर्यंत सासूबाईंना बोलावणी यायची. एकेका वैशाखात घरात दिसायच्या नाहीत. नव्या नवरीला धीर द्यायचं काम त्यांच्याकडे होतं आणि नवऱ्या मुलाच्या आईची जिरवायचंही. गाण्यातून बोलतात ना, मग कोण काय म्हणणार?

मग त्यांच्या गळ्याला गाठ निघाली. ऑपरेशनशिवाय इलाज नाही, आणि आवाज बदलू शकतो, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सासऱ्यांनी सासूबाईंना मोबाइलसमोर बसवलं.

“गा.”

“कुणाचं लगीन हाय?”

“कुणाचं का असंना. गा.”

मग रोज दुपारी पंखा बंद, कोंबड्या अंगणाबाहेर, आणि मला कुकर लावायला बंदी. मी म्हटलं, घरात रेडिओ स्टेशनच उघडलंय जणू. सासूबाई आधी लाजल्या, मग चिडल्या, मग जी लागली त्यांची तंद्री! ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत गात होत्या. मोबाइल भरला तसे सासऱ्यांनी सगळे धवळे मशिनीत ठेवले, ॲडमिनिस्ट्रेटरच्या दाराआड, आणि मोबाइलमधून पुसून टाकले. दुसरीकडे कुठे ठेवायचे असतात हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी दोन ठिकाणी ठेवलेली वस्तू दुप्पट चोरीला जाते असं त्यांचं शास्त्र.

आवाज खरंच गेला. बोलणं राहिलं, बोलण्याची धारही राहिली, ती कुठली जातेय! पण सूर लावायला गेल्या की नुसता वारा निघायचा. दोन-चारदा मी त्यांना मागच्या अंगणात भाताच्या पेंढ्याशी एकट्याच उभ्या राहून प्रयत्न करताना बघितलं. मी दिसले की खोकल्याचं नाटक करायच्या. मला त्यांची फार दया यायची, आणि त्यांना दया केलेली खपत नाही, म्हणून मी मुद्दाम भांडण उकरून काढायचे. तेवढंच त्यांना बरं वाटायचं.

माझ्या पोरीचं लग्न ठरलं. सासूबाईंनी दागिन्यांचं विचारलं नाही, साड्यांचं नाही, जेवणाचंही नाही. एकच म्हणाल्या, “हळदीला माझं धवळं लावायचं. माझ्या आवाजातलं. गावागावच्या पोरी मी गाऊन बोळवल्या. माझी नात मुक्यानं जायची नाय.”

पोरगीही त्यांचीच नात. “आजीचा आवाज नसेल तर मी हळदीला बसतच नाही,” म्हणाली. घ्या! मी मांडववाल्याला सांगून मोठे स्पीकर ठरवले.

आणि संकट कधी एकटं येतं का? सासऱ्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. धावाधाव करून पनवेलला नेलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं: डोळ्यात हवा भरली आहे, ती पडद्याला दाबून धरते. आता हा माणूस पालथा पडून राहील. जेवताना मान खाली, चालताना मान खाली, झोपताना पालथा. मान वर केली की सगळं मुसळ केरात. डाव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू, त्यातून त्यांना भिंत कुठे आणि दार कुठे एवढंच कळायचं. लग्न उरकलं की मगच पुढची तपासणी.

तेव्हा आमचे टाइमकीपर माजघरातल्या खाटेवर पालथे. तोंड खाटेच्या कडेबाहेर काढलेलं, कपाळाखाली गुंडाळलेली गोधडी, खाली फरशी. जायचं-यायचं सगळ्यांना तिथूनच, आणि ते पावलांवरून ओळखायचे. “सूनबाय, तीनदा बाहेर गेलीस.” ड्यूटी चालूच! त्यांच्याशी बोलायचं तर आपण खाली फरशीवर बसायचं आणि वर बघायचं. चहा द्यायचा तो पेल्यात नळी घालून. पहिल्या दिवशी मला इतकं हसू आलं की मी परसात जाऊन हसून आले.

आणि त्यातच एका दुपारी वीज गेली, आली, परत गेली, आणि पुन्हा आली ती अशी जोरात की पंख्याने किंकाळी फोडली. पोरगी कॉम्प्युटरवर मेंदीची चित्रं बघत होती. मशीन गपकन बंद. चालू केलं तर निळा पडदा. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं, पोरीने वाचून दाखवलं: मशीन नीट सुरू झालं नाही, दुरुस्त करायचं असेल तर ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड द्या. आमच्या ‘घरचे’च्या आकड्याला त्याने हुंगलंसुद्धा नाही.

मी खाटेखाली जाऊन बसले.

“आबा, पासवर्ड सांगा.”

“कसला?”

“तुमचा. मशीन उघडत नाहीये.”

“पासवर्ड सांगायचा नसतो.”

“अहो आबा, धवळे आत अडकलेत!”

“अडकलेत म्हंजे सुखरूप हायत.”

मी कपाळावर हात मारला. मग माझा नवरा बसला खाली. तो वडिलांशी एरवी कामापुरतं बोलतो, त्या दिवशी चांगला पाऊण तास बोलला. शेवटी उठला, पाय चोळत बाहेर आला आणि म्हणाला, “नाय सांगत.” सासूबाई चुलीपाशी होत्या. “पालथ्या घड्यावर पाणी,” त्या म्हणाल्या, आणि पोरगी फिसकन हसली.

सासरे म्हणाले, मी स्वतः टाकतो. मग काय, वरात! मशीन खाटेखाली आणलं, वायरी पुरेनात म्हणून दुसरी जोडली, कीबोर्ड त्यांच्या तोंडाखाली फरशीवर ठेवला. “सगळ्यांनी भाईर जा.” आम्ही गेलो. “दार लावा.” लावलं. “सूनबाय, खिडकीतून बघू नको.” मी खिडकीखाली वाकले. आतून एकेक टक टक ऐकू येत होती, मध्येच “अगं आय गं” ऐकू यायचं. चुकला. पुन्हा टाकला. पुन्हा चुकला. ज्या माणसाला अक्षर शोधून शोधून टाकायची सवय, त्याला अक्षरच दिसेना, तर बोटाने काय करावं? शेवटी मशीनच म्हणालं, आता थोडा वेळ थांबा. मीही कधीची हेच सांगत होते, निदान यंत्राने तरी त्यांना थांबवलं.

मग आम्ही अंदाज लावायला बसलो. नवऱ्याने कुलदैवताचं नाव टाकलं. नाही. गावदेवीचं टाकलं. नाही. पोरगी म्हणाली, माझं टाका, आबांचा जीव आहे माझ्यावर. तिचं टाकलं, तिच्या जन्मसालासकट टाकलं. नाही. तिचं तोंड एवढंसं झालं. विकलेल्या बैलाचं टाकलं, त्याच्यावर सासऱ्यांचा खरंच जीव होता. तेही नाही. मग मीच म्हटलं, “अहो, आपण सगळे येडे की काय? आईंचं नाव टाका ना!”

“नको गं, कायतरीच,” सासूबाई म्हणाल्या, आणि पदर सारखा करून पुढे सरकून बसल्या.

टाकलं. नाही. पहिलं अक्षर मोठं करून टाकलं, आडनाव लावून टाकलं, लग्नाचं साल लावून टाकलं. नाही, नाही आणि नाही.

सासूबाई उठल्या आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला बसल्या. कशाला सुचलं मला ते, असं झालं. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर न करता विचारलं, “सूनबाय, ह्यांच्या कारखान्यात बाया होत्या काय गं?”

“असतील. कागद निवडायला वगैरे.”

“हं,” त्या म्हणाल्या.

त्या ‘हं’नंतर घरातली हवाच बदलली. सासऱ्यांचा चहा गार यायला लागला. नळी चहात असायची, पण पेला त्यांच्या तोंडापासून वीतभर लांब ठेवलेला. खाटेजवळून जाताना सासूबाई पाय आपटून जायच्या, म्हणजे कोण गेलं ते नीट कळावं. “काय झालं हिला?” सासरे मला फरशीकडे बघून विचारायचे. मी म्हणायचे, “तुम्हीच ॲडमिनिस्ट्रेटर, तुम्हाला ठाऊक.”

हळद जवळ येत चालली. नवरा म्हणाला, कर्जतला ने, बाजारात एक दुरुस्तीवाला आहे, तो कसलंही मशीन उघडतो. नवऱ्याला कामावरून सुट्टी नाही, म्हणून मी निघाले. सीपीयू चादरीत बांधला, कडेवर घेतला आणि जीपमध्ये बसले.

जिना चढून दुरुस्तीवाल्याचं दुकान. भारदस्त माणूस, पोट टेबलाला टेकलेलं, एका कानाला फोन आणि दुसऱ्या कानाने आमचं ऐकणं. त्याने मशीन उघडून बघितलं, आतली डिस्क काढून स्वतःच्या मशीनला लावली, आणि फोन बाजूला ठेवला. फोन ठेवला म्हणजे काहीतरी गंभीर, हे मला कळलं.

“वहिनी, मशीन पाहिजे की आतलं सामान पाहिजे?”

“म्हणजे?”

“मशीन पाहिजे तर आत्ता फॉरमॅट मारतो, नवंकोरं करून देतो. आतलं सगळं जाईल. सामान पाहिजे तर कठीण आहे. सासऱ्यांनी डिस्कलापण टाळं मारलंय.”

“मारणारच ते.”

“त्या टाळ्याची एक लांबलचक आकड्यांची चावी असते. टाळं मारताना मशीन विचारतं, चावी कुठे ठेवू? विचारा त्यांना, कुठे ठेवलीय.”

मी तिथूनच घरी फोन लावला. पोरीने फोन खाटेखाली धरला. सासरे म्हणाले, “चावी नं? येकदम जपून ठेवलीय. त्याच मशिनीत.”

मी स्पीकरवर लावला होता. दुरुस्तीवाल्याने हे ऐकलं आणि तो इतका हसला की खालच्या दुकानातला माणूस जिन्यात येऊन बघून गेला. मला मात्र भयंकर राग आला. आमच्या माणसाला आम्ही हसू, लोकांनी का हसावं? डिस्क परत बसवून घेतली आणि सीपीयू पुन्हा चादरीत बांधला. “पासवर्ड आणला की पाच मिनिटांचं काम आहे, वहिनी. तुम्ही घरीच कराल,” तो मागून म्हणाला. ते मला ठाऊक होतं, त्यासाठी जिना कशाला चढायचा होता?

येताना जीप भरेपर्यंत बसावं लागलं. मांडीवर चादरीचं गाठोडं बघून शेजारच्या मावशींनी विचारलं, “काय गं, बाळ हाय काय?” मी म्हटलं, “नाही ओ, सासऱ्यांचा कॉम्प्युटर आहे.” बस, एवढं पुरे झालं. वाटेतलं कडाव गाव येईस्तोवर सगळ्या जीपला आमची कथा पाठ. “गाडीचा नंबर टाकून बघा.” “आमच्याकडे मेव्हण्यानं शिवी टाकली होती, शिवी टाकून बघितली का?” मागच्या सीटवरचे एक बाबा म्हणाले, “म्हातारा माणूस सांगत नाय म्हंजे लाजतोय. वायट असतं तं कवाच दुसऱ्याच्या नावावर खपवलं असतं.” त्यावर ड्रायव्हर म्हणाला, “बाबा, तुमचा पासवर्ड काय?” बाबा जे गप्प झाले ते उतरेपर्यंत. सगळी जीप हसली, मीही हसले. पण घर जवळ आलं तसं हसू आटलं. हळद उद्यावर आली होती, आणि मी हात हलवत परत चालले होते.

अंगणात मांडव उभा राहत होता. सासूबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, गाठोड्याकडे बघितलं. मीच सांगितलं, नाही झालं. त्यांनी सुपातले तांदूळ हाताने सारखे केले.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “पोरीला सांग, डीजे लाव. आजकाल समदे तेच लावतात.”

“आई, असं काय बोलता?”

“गेला तो गेला आवाज. मेल्या माणसाला कोणी मांडवात बसवतं काय?”

त्या सूप घेऊन उठल्या, पाय न आपटता खाटेजवळून गेल्या आणि मागच्या अंगणात जाऊन बसल्या. त्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी पाय आपटला नव्हता. आम्ही इतके दिवस त्या आपटण्याला हसत होतो, पण ते गेलं तेव्हा घर कसं ओस वाटायला लागलं.

मी सीपीयू जागेवर ठेवला, वायरी लावल्या, उगाच. हाताला काहीतरी काम हवं म्हणून.

“सूनबाय,” खाटेवरून आवाज आला. “काय बोल्ली ती?”

“ऐकलंत की तुम्ही.”

“डीजे लाव बोल्ली?”

“हो.”

फरशीवर एक थेंब पडला. मी म्हटलं, डोळ्यातलं औषध असेल.

“मशीन चालू कर,” ते म्हणाले.

मी चालू केलं. निळा पडदा आला.

“घरात कोण हाय?”

“मी आहे. बाकी सगळे मांडवात.”

“आणि ती?”

“मागे आहेत, तांदूळ निवडतायत.”

“लिही. इंग्रजीत. पयलं अक्षर मोठं.” आणि ते फरशीला काहीतरी म्हणाले.

“आबा, ऐकू नाही आलं.”

पुन्हा म्हणाले. पुन्हा नुसतं पुटपुटणं. मी बोटं कीबोर्डवर धरून बसलेली, आणि माझा स्वभाव तुम्हाला आतापर्यंत कळला असेलच. “अहो आबा, मोठ्याने बोला की! इतके दिवस सगळ्या घराला वेठीला धरलंत, आता काय मी तुमचं तोंड उघडून आत बघू?”

तेव्हा ते ओरडलेच. एक बाईचं नाव. साधं, जुनं, चार अक्षरांचं नाव. आमच्या घरात कुणाचंच नाही, मी सून म्हणून आल्यापासून या घरात एकदाही न ऐकलेलं.

माझ्या मनात आलं, आई म्हणत होत्या ते खरंच निघालं! बया, आता काय करायचं? “कोण ही?” मी विचारणार, तेवढ्यात मागच्या अंगणातून आवाज आला.

“ओ! आले!”

सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला, पावलं धावत आली, आणि सासूबाई मागच्या दारात उभ्या राहिल्या. पदराला तांदळाचा भुसा लागलेला. आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे, मग पुढच्या दाराकडे, कुणी पाहुणा आलाय का म्हणून.

“मला कुणी हाक मारली?” त्यांनी विचारलं.

आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं. दाराच्या चौकटीला हात लावून त्या उभ्याच राहिल्या.

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी वाचायचं आणि पेढे खायचे. माझंही बदललंय. माझं जुनं नाव माझ्या आईच्या फोनमध्ये तरी आहे. सासूबाईंचं कुठेच नव्हतं. आधार कार्डावर नवं, रेशन कार्डावर नवं, लेकराच्या शाळेच्या दाखल्यावर नवं. कशेळ्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला त्यांचं माहेर, तिथे धाकटे भाऊ त्यांना आक्का म्हणायचे. नावाने हाक मारणारी सगळी मोठी माणसं कधीच निघून गेलेली. एवढ्या पोरींना त्यांनी त्यांची नावं गाण्यात गुंफून बोळवलं, आणि त्यांचं स्वतःचं नाव आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

“तुमी घेतलंत काय नाव?” सासूबाईंनी विचारलं.

सासरे पालथेच. कान लाललाल झालेले मला दिसले. “नवं नाव आमच्या आत्यानं ठरवलं होतं,” ते फरशीला म्हणाले. “तिनं सांगितलं तसं मी लिवलं. मला जुनंच बरं वाटत होतं. पण तवा कोण बोलणार? मोठी माणसं बसलेली समदी.”

“मंग इतकी वर्सं?”

“तोंडानं घ्यायला नाय जमलं. आपल्यात कुठं घेतात? ही मशीन आली तं म्हटलं, हितं कोण ऐकतंय. रोज सकाळी लिवत होतो.”

“आणि सांगितलं का नाय मग? मी किती काय काय बोल्ले…”

“पोराला काय सांगू? सुनेला काय सांगू? तुझा सासरा म्हातारपणी बायकोचं नाव लिवतो?”

मी कीबोर्डकडे बघत होते. अक्षरं मला नीट दिसत नव्हती, पण लिहिलं. पहिलं अक्षर मोठं, पुढे त्यांनी सांगितलेलं लग्नाचं साल. मशीन बराच वेळ फिरत राहिलं, काळं झालं, पुन्हा उजळलं, आणि उघडलं. धवळे होते तिथेच होते, एकाखाली एक, सगळे सुखरूप. हळदीला ते मांडवात वाजले, लांबलांबच्या बायांनी ते ऐकून डोळ्याला पदर लावले, आणि माझी पोरगी आजीच्या आवाजात न्हाली, हे सगळं झालं.

पण त्या दुपारी मी पहिला धवळा लावला, बरोबर आहे ना बघायला, आणि सासूबाईंचा तो मोठा, मोकळा आवाज घरभर झाला. मांडवातली माणसं हातातलं काम टाकून दारात आली. पोरगी ओरडत आली, “आजी! मिळालं!” सासूबाईंनी तिच्याकडे बघितलंही नाही. त्या खाटेपाशी आल्या, रोज मी बसायचे तिथे फरशीवर बसल्या आणि वर त्यांच्या तोंडाकडे बघायला लागल्या.

“सूनबाय,” त्या म्हणाल्या, “बंद कर गं ते जरा.”

मी बंद केलं.

“आता म्हणा,” त्या सासऱ्यांना म्हणाल्या. “परत म्हणा.”

दारात एवढी माणसं उभी होती. सासऱ्यांना ती दिसत नव्हती, पण पावलं त्यांनी मोजली असणारच. तरी त्यांनी म्हटलं.